विज्ञान-साक्षरता आणि संरचित वाचन : अमेरिकी माध्यमिक शिक्षणातील एक उपेक्षित धागा

‘विज्ञान-साक्षरता’ या संज्ञेतच साक्षरता असूनही विज्ञानशिक्षणात वाचनाला दीर्घकाळ गौण स्थान मिळाले. ही विसंगती प्रस्तुत लेखात तपासावयाची आहे. स्पुटनिकच्या उड्डाणानंतर वर्षभरात, १९५८ मध्ये, पॉल हर्ड यांनी अमेरिकी शाळांच्या संदर्भात या संज्ञेचे विवेचन केले. त्या काळातील सुधारणांचा भर मात्र प्रयोगशाळेवर होता. १९५६ मध्ये जेरॉल्ड झकारियास यांच्या पुढाकाराने एमआयटीत स्थापन झालेल्या भौतिकशास्त्र समितीचा रोख पाठांतराविरुद्ध होता आणि तो रास्तच होता. समितीने पाठ्यपुस्तकही सिद्ध केले; परंतु ते वाचावे कसे, हे शिकविणे विज्ञानशिक्षकाचे काम आहे, असे फारसे मानले गेले नाही.

वाचनाच्या पद्धती घडल्या त्या अन्यत्र. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ च्या ग्रंथात अवलोकन, प्रश्न, वाचन, कथन व उजळणी हा क्रम मांडला, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी. १९७० मध्ये हॅरॉल्ड हर्बर यांनी विषयनिहाय वाचनाचा आग्रह माध्यमिक वर्गांपर्यंत आणला. अ‍ॅनेमरी पॅलिन्कसर व अ‍ॅन ब्राउन यांचा १९८४ चा प्रयोग अधिक मूलगामी ठरला. शब्द वाचता येतात पण अर्थ लागत नाही, अशी सातवीची मुले त्यांनी निवडली. सारांश सांगणे, प्रश्न विचारणे, दुर्बोध जागा उलगडणे आणि पुढील मजकुराचा अंदाज बांधणे या चार कृती शिक्षकाने प्रथम करून दाखवावयाच्या. पुढे मुलांनी आळीपाळीने शिक्षकाची भूमिका घ्यावयाची. वर्गात धडा मोठ्याने वाचून घेताना बहुधा उच्चार तपासला जातो, आकलन नव्हे. हा फरक अध्यापकवर्गाला सांगावयास नको.

विज्ञानाच्या बाजूने या प्रश्नाला खरी धार आली ती कॅनडात. स्टीफन नॉरिस व लिंडा फिलिप्स यांनी बारावीच्या विज्ञान विद्यार्थ्यांना वृत्तपत्रीय धाटणीचे विज्ञानवृत्तान्त वाचावयास दिले. लेखकाने साशंकतेने मांडलेली विधानेही विद्यार्थी निश्चित सत्य म्हणून वाचत होते, असे १९९४ मध्ये दिसून आले. अनेक वर्षे विज्ञान शिकलेल्यांची ही स्थिती होती! मजकूर हे विज्ञानाचे केवळ वाहन नसून त्याचे घटक अंग आहे, हा त्यांचा सिद्धान्त २००३ मध्ये पुढे आला.

अमेरिकेतील २०१० च्या सामायिक मानकांत सहावी ते बारावीच्या विज्ञानवाचनाला स्वतंत्र स्थान मिळाले. तथ्य, संशोधनाधारित निष्कर्ष आणि निव्वळ तर्क यांतील भेद मजकुरात ओळखता यावा, ही अपेक्षा त्यात सहावी ते आठवीसाठीच नोंदविलेली आहे.