फलाटाचा हिशेब

मुंबईच्या रेल्वेचा इतिहास सांगताना आपण बहुधा रुळांची लांबी सांगतो. अमुक साली ठाणे गाठले, अमुक साली घाट ओलांडला, असा तो क्रम असतो. आमच्या मते हा इतिहास फलाटांवरूनही वाचला पाहिजे. कारण गाडी धावते रुळावर, परंतु खोळंबते फलाटापाशी.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. तिला चौदा डबे होते आणि आत सुमारे चारशे निमंत्रित. त्या दिवशी फलाट अपुरा पडण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १८७८ ते १८८८ या दशकात तेथेच स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे भव्य इमारत उभी राहिली. तथापि घुमट कितीही उंच असला, तरी त्यायोगे फलाट लवकर मोकळा होत नाही.

अखेरच्या स्थानकाची अडचण निराळीच असते. तेथे रूळ संपतात. वाफेचे इंजिन गाडी ओढीत आत आले की ते भिंतीकडच्या टोकास कोंडले जाई. मागच्या टोकास दुसरे इंजिन जोडावे, गाडी बाहेर काढावी, तेव्हा पहिले सुटे होई. तोवर फलाट अडलेला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गाने कुर्ल्यास विजेची गाडी सुरू झाली. तिच्या दोन्ही टोकांस चालकाची खोली होती. चालकाने टोक बदलले की गाडी परतीस सिद्ध! एकही नवा फलाट न बांधता फलाटांचे सामर्थ्य वाढले.

चर्चगेटचेच पाहा. १९३० च्या अखेरीस कुलाब्याचे स्थानक बंद झाले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडले होते. चर्चगेट स्थानिक गाड्यांचे शेवटचे ठिकाण ठरले. तेथे फलाट चारच. समजा, प्रत्येक गाडीने येण्याजाण्यासह आठ मिनिटे फलाट अडविला, तर तासाला तीस गाड्या सुटतील. दहा मिनिटे अडविला तर चोवीस. दोन मिनिटांची किंमत सहा गाड्या!

गाड्या वाढविणे कठीण झाले, तेव्हा डबे वाढविले. पश्चिम रेल्वेवर २००९ पासून पंधरा डब्यांच्या गाड्याही धावू लागल्या. बाराचे पंधरा डबे म्हणजे चतुर्थांश माणसे अधिक. पण ही माणसे उतरणार त्याच फलाटावर आणि चढणार त्याच जिन्याने. हा हिशेब जेथे राहून जातो तेथे काय घडते, हे एल्फिन्स्टन रोडने, म्हणजे आजच्या प्रभादेवीने, दाखविले. भोवतालच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या व त्यांच्या जागी उंच कचेऱ्या आल्या. माणसांचा लोंढा वाढला; परळ स्थानकाकडे नेणारा पूल मात्र अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, ऐन पावसात, त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे दगावली. २०१८ च्या आरंभी लष्कराने तेथे नवा पूल उभारून दिला, आणि ३ मार्च २०१९ पासून परळहून स्वतंत्र लोकल सुटू लागल्या.

हे सारे आधी होण्याजोगे होते, हेच मनाला लागते. गाडी फलाटावरून निघाली की वेळापत्रकाचे काम संपते. आमच्या मते शेवटचा उतारू जिना चढून रस्त्यावर पोहोचेपर्यंत फलाटाचा हिशेब पुरा झाला असे मानू नये.