कोनीय संवेग

कोनीय संवेग ही भौतिकशास्त्रातील एक सदिश राशी आहे. रेषीय गतीच्या अभ्यासात संवेगाला जे स्थान आहे, तेच परिवलनाच्या अभ्यासात कोनीय संवेगाला आहे. एखाद्या कणाचा कोनीय संवेग नेहमी एका निश्चित संदर्भबिंदूच्या सापेक्ष सांगितला जातो. संदर्भबिंदू बदलल्यास त्याचे परिमाण व दिशा ही दोन्ही बदलू शकतात. म्हणून संदर्भबिंदूचा उल्लेख केल्याशिवाय कणाच्या कोनीय संवेगाचे मूल्य पूर्ण होत नाही.

व्याख्या व एकक

संदर्भबिंदूपासून कणापर्यंत काढलेला सदिश म्हणजे स्थान सदिश. स्थान सदिश व संवेग यांचा त्याच क्रमाने केलेला सदिश गुणाकार म्हणजे कोनीय संवेग होय. हा क्रम उलटा केल्यास दिशा उलट होते. त्याचे एकक किलोग्रॅम-मीटर वर्ग प्रतिसेकंद असून तेच ज्यूल-सेकंद असेही लिहितात.

परिमाण

कोनीय संवेगाचे परिमाण = स्थान सदिशाची लांबी × संवेगाचे परिमाण × त्या दोहोंमधील कोनाची साइन.

यातील पहिला व तिसरा घटक एकत्र केल्यास संदर्भबिंदूपासून गतिरेषेपर्यंतचे लंब अंतर मिळते. म्हणजेच परिमाण हे लंब अंतर व संवेग यांच्या गुणाकाराइतके असते. स्थान सदिशाची संपूर्ण लांबीच लंब अंतर म्हणून घेणे, ही उदाहरणे सोडवताना वारंवार होणारी चूक आहे. ती लांबी फक्त कोन काटकोन असतानाच, उदाहरणार्थ वर्तुळाकार गतीत केंद्राच्या सापेक्ष, लंब अंतराइतकी असते.

दिशा

कोनीय संवेग हा स्थान सदिश व संवेग या दोघांना सामावणाऱ्या प्रतलाला लंब असतो. दिशा ठरवण्यासाठी उजव्या हाताचा नियम वापरतात. दोन्ही सदिशांचे आरंभ एकाच बिंदूत आणून उजव्या हाताची बोटे स्थान सदिशाकडून संवेगाकडे, लहान कोनातून, वळवावीत. ताठ धरलेला अंगठा कोनीय संवेगाची दिशा दाखवतो. कागदावरील गती अपसव्य (घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध) असल्यास दिशा कागदातून वाचकाकडे, तर सव्य असल्यास कागदाच्या आत असते.

उदाहरण

२ किलोग्रॅम वस्तुमानाचा कण (३, ४) मीटर या बिंदूपाशी असून तो क्ष-अक्षाच्या धन दिशेने ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जात आहे. त्याचा संवेग १० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद आहे.

आरंभबिंदूच्या सापेक्ष : स्थान सदिशाची लांबी ५ मीटर, पण लंब अंतर ४ मीटर. परिमाण ४० ज्यूल-सेकंद. दिशा कागदाच्या आत.
(०, ४) या बिंदूच्या सापेक्ष : हा बिंदू गतिरेषेवरच असल्याने कोनीय संवेग शून्य.
(०, ६) या बिंदूच्या सापेक्ष : लंब अंतर २ मीटर. परिमाण २० ज्यूल-सेकंद. दिशा कागदातून वाचकाकडे.

कण सरळ रेषेत जात असूनही त्याला कोनीय संवेग आहे. कण पुढे (८, ४) येथे पोहोचला तरी आरंभबिंदूच्या सापेक्ष मूल्य ४० ज्यूल-सेकंदच राहते, कारण लंब अंतर बदलत नाही.

दृढ वस्तूचे परिवलन

सममिती अक्षाभोवती फिरणाऱ्या दृढ वस्तूचा कोनीय संवेग हा तिचे जडत्व परिबल व कोनीय वेग यांच्या गुणाकाराइतका असून तो अक्षाच्या दिशेत असतो. पुढे जाणाऱ्या सायकलच्या चाकाचा कोनीय संवेग स्वाराच्या डाव्या बाजूस असतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे तिच्या परिवलनाचा कोनीय संवेग दक्षिण ध्रुवाकडून उत्तर ध्रुवाकडे असतो.

अक्षय्यता

संदर्भबिंदूभोवती बाह्य बलांचे एकूण परिबल (टॉर्क) शून्य असल्यास कोनीय संवेगाचे परिमाण व दिशा दोन्ही कायम राहतात. सूर्याचे गुरुत्वाकर्षण ग्रहाला सूर्याकडेच ओढते, त्यामुळे सूर्याच्या सापेक्ष त्याचे परिबल शून्य असते. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७१ कोटी किलोमीटरवर असते व तिचा वेग सुमारे ३०.२९ किलोमीटर प्रतिसेकंद असतो. जुलैच्या आरंभी हेच आकडे १५.२१ कोटी व २९.२९ असे असतात. या दोन्ही स्थानी वेग स्थान सदिशाला लंब असतो आणि अंतर व वेग यांचा गुणाकार जवळजवळ तंतोतंत सारखाच येतो. योहानेस केप्लर यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेला समान क्षेत्रफळांचा नियम याच अक्षय्यतेचे भूमितीय रूप आहे. दिशा कायम राहत असल्यामुळेच ग्रहाची कक्षा एकाच प्रतलात राहते.