खळ आणि गोधडी

अमेरिकेंतील गोधड्या शिवणाऱ्या स्त्रिया कापड कातरण्यापूर्वीं त्यावर डब्यांतून खळीचा फवारा मारतात, हें प्रथम ऐकलें तेव्हां मला हंसूं आलें. जी वस्तु अंगावर घेऊन निजावयाचें, तिला कडक करण्याचें प्रयोजन काय ? आपल्याकडे गोधडीला लागतें तें जुनेर. धुऊन धुऊन लोण्यासारखें मऊ झालेलें.

परंतु माझें हंसणें अज्ञानाचें होतें. आपली गोधडी थरावर थर घालून धांवदोऱ्यानें बसविलेली असते. तिकडील गोधडीचा दर्शनी भाग बहुधा त्रिकोण-चौकोनांचे शेंकडों तुकडे जोडून तयार होतो. त्रिकोणाची एक तरी बाजू उरेब येतेच, आणि उरेब कापड हातांत ताणलें जातें. एका शिवणीस इंचाचा सोळावा भाग चुकला, तर सोळा शिवणींच्या ओळींत सबंध इंचाची चूक पडते. खळ सुतें एकमेकांस धरून ठेवते. म्हणून हा खटाटोप. जाणत्या स्त्रिया कापड आधीं धुतात, म्हणजे गिरणीची खळ जाते आणि कापड आटावयाचें तेवढें आटतें. मग आपली खळ मुरूं देऊन इस्त्री दाबतात. ती फरफटवीत नाहींत.

खळीचा इतिहास मात्र इतका निरुपद्रवी नाहीं. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दींत गळ्याभोंवतीं चुणीदार गळपट्टे घालण्याची टूम निघाली, आणि ते ताठ उभे राहण्यास खळ हवी. १५६४ मध्यें डिंघेन व्हॅन डर प्लासे नांवाची एक स्त्री फ्लॅंडर्सहून लंडनला आली व ही विद्या शिकवूं लागली. खळ घालण्यास शिकविण्याचे चार-पांच पौंड, आणि ती शिजविण्यास शिकविण्याचे वीस शिलिंग ! शिजविणें स्वस्त आणि घालणें महाग, हा भेद आपल्याकडील कोणत्याही परटास पटेल. फिलिप स्टब्ज या कर्मठ लेखकानें १५८३ मध्यें खळीला सैतानाचा द्रव ठरविलें. त्याचा राग नटवेपणावर होता. खरें दुखणें निराळेंच होतें. खळ गव्हापासून होई, आणि १५९४ ते १५९७ या वर्षांत पिकें बुडालीं. गरिबाची भाकरी श्रीमंताच्या गळ्याभोंवतीं ताठ उभी होती ! गव्हाऐवजीं एका रानकंदाची खळही वापरांत होती. पण तिनें धोबिणींच्या हातांना फोड येत, असें जॉन जेरार्डनें १५९७ च्या आपल्या वनस्पतिग्रंथांत नमूद केलें आहे. पुढें १६०१ च्या पार्लमेंटांत ज्या मक्त्यांवरून गदारोळ झाला, त्यांत खळीचाही मक्ता होता.

आपला संबंध येतो तो एकोणिसाव्या शतकांत. मागावर ताणा तुटूं नये म्हणून त्यास खळ देणें हें विणकराचें रास्त काम. आपले कोष्टीही तें करीत. परंतु १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत लॅंकेशायरचा कापूस तुटला, आंखूड धाग्याच्या सुरती कापसावर भागवावें लागलें, आणि खळीचें प्रमाण वाढलें. तींत चिनी माती मिसळून वजन वाढविण्याची चालही बळावली. गिऱ्हाईक कापड म्हणून माती विकत घेई. पहिल्या धुण्यास ती वाहून जाई आणि हातांत जाळी राही. विणकरांच्या छातींत धूळ भरे ती वेगळीच. खळ तीच, पण गोधडीवाली ती स्वतःच्या कापडास घालते आणि स्वतःच धुऊन काढते. हे व्यापारी ती दुसऱ्याच्या डोळ्यांत घालीत होते.

फवाऱ्याचा डबा यामानानें कालचा. दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांचे डांस मारण्यासाठीं अमेरिकेंत तो प्रचारांत आला आणि युद्धानंतर घरगुती वस्तूंकडे वळला. त्यापूर्वीं पातेल्यांतील खळच सर्वांची. आमच्या घरीं भाताच्या पेजेवर काम भागे, आणि आजोबांच्या धोतराचा करकर आवाज ते दारांत येण्यापूर्वींच ऐकूं येई.

गोधडी पुरी झाली कीं त्या अमेरिकन स्त्रिया ती सबंध धुतात. ताठपणाचें काम तेव्हां संपलेलें असतें. शिवाय खळ तशीच राहूं दिली तर पेटींत कसर लागते.