नवे व्याकरण सक्तीचे करताना

1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या पत्रांत मात्र ती टिंबे पुढेही कितीतरी वर्षे होती. पत्र वाचणाऱ्याचे काही अडले नाही. संगणकाच्या भाषेत ही सवलत नाही. नियम ओळखीचा नसेल, तर यंत्र तिथेच थांबते.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 1970 नंतर घडवलेली 'सी' भाषा घ्या. एका यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम थोड्या फेरफाराने दुसऱ्यावर चालावा, हे तिचे मोठे बळ. 1989 मध्ये अमेरिकेत तिचे नियम ठरले, 1999 मध्ये ते सुधारले. सुधारणा कागदावर आली खरी. पण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा कंपायलर जुना असेल तर तिचा उपयोग काय? मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने 2013 पर्यंत त्या सुधारणांपैकी बऱ्याच घेतल्याच नव्हत्या. त्यामुळे विंडोज आणि युनिक्स दोन्हींकडे लक्ष ठेवणारे लेखक 1989 चेच नियम पाळत राहिले.

याची किंमत होती. तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या लूपचे चल जुन्या नियमाने लूपबाहेर, आधीच जाहीर करावे लागे. लूप संपला तरी ते उरे, आणि चुकून वापरले जाई. लिनक्सच्या गाभ्यात हीच जोखीम चर्चेला आली आणि 2022 च्या 5.18 आवृत्तीत लिनस टोरवाल्ड्स यांनी 1999 ओलांडून थेट 2011 चे नियम स्वीकारले. पोस्टग्रेसने 2019 मध्ये 1999 चे नियम सक्तीचे केले होते. कर्ल मात्र 1989 वरच थांबला. तो नाना तऱ्हेच्या उपकरणांत शिरलेला आहे; मला त्याचा हट्ट समजतो.

पण खरी पाहण्यासारखी रीत गिटची. प्रोग्रामच्या बदलांची नोंद ठेवणारे हे साधन. 2021 च्या अखेरीस त्यांनी सरसकट काहीच बदलले नाही. एका फाइलीत काही ओळी घातल्या: कंपायलर 1999 चे नियम मानत नसेल तर काम थांबावे, आणि अडलेल्याने आम्हाला कळवावे. लूपच्या आत चल जाहीर करण्याचा प्रयोगही एकाच ठिकाणी केला. तक्रार आली तर दोन्ही सहज मागे घेता यावे, हा हेतू. जानेवारी 2022 मध्ये ती आवृत्ती बाहेर पडली, आणि मग वाट पाहिली. आम्ही होमिओपॅथीवाले एक मात्रा देऊन थांबतो, म्हणूनही ही रीत मला जवळची वाटत असेल.

तरी एक शंका उरते. कळवतो तो, ज्याला कुठे कळवायचे ते ठाऊक असते. जुन्या यंत्रावर गुपचूप काम करणारा माणूस जुनीच आवृत्ती वापरत राहतो, आणि त्याचे गप्प राहणे संमती म्हणून मोजले जाते.