रस्त्याचं भाडं कुणी भरलं?

९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी, भाडं तीन आणे. तीनच वर्षांनी, १८७७ च्या दुष्काळात, सरकारी कामांवरची मजुरी कापली गेली. काही कामांवर धट्ट्याकट्ट्या गड्याला दिवसाला एक आणा आणि रत्तलभर धान्याची किंमत, एवढंच मिळे. म्हणजे ट्रामच्या एका फेरीला त्याचे तीन दिवसांचे रोख आणे. खडी यानं फोडायची, गाडीत बसायचं दुसऱ्यानं.

रस्त्याचा पैसा कुणाचा, असं विचारलं की शहाणे म्हणतात, करदात्यांचा. पण करदाता कोण? त्या काळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड वसूल होई. त्यातला मोठा वाटा रस्त्यांवर जाई. मुंबई शहरात जकात होती. १ जुलै २०१७ ला ती उठली, तोवर महापालिकेच्या तिजोरीत सर्वांत मोठी भर तिचीच. मालावरची जकात शेवटी गिऱ्हाईकच भरतं. झोपडीतल्या बाईनं साबण घेतला, तिनंही भरली. तिला पावती मिळाली नाही, म्हणून ती करदाती ठरली नाही, इतकंच. आणि गावाकडं महारानं तर अंगानंच भरलं. वतनाच्या नावाखाली सरकारी निरोप ने, ओझं वाहा. १९५८ च्या कायद्यानं ते वतन गेलं.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले! १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. प्रत्यक्ष पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर चालत जावं लागलं. त्या ठरावातला हिशेब साधा होता. सगळ्यांच्या पैशाचं, ते सगळ्यांचं.

तोच हिशेब आता आजच्या मुंबईला लावून बघा. किनारी रस्ता महापालिकेच्या तिजोरीतून झाला. मार्च २०२४ मध्ये त्याचा पहिला टप्पा खुला झाला. टोल नाही. मोटार जाते, बसलाही परवानगी आहे, पण दुचाकी, रिक्षा, सायकल यांना मज्जाव. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या मोटारींना टोल माफ झाला. आणि ९ मे २०२५ ला, नेमकी ट्राम सुरू झाली त्याच तारखेला, बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं.

हीच बेस्ट १९४७ साली कंपनीकडून महापालिकेनं घेतली. पुढं कित्येक वर्षं विजेच्या नफ्यातून बसची तूट भरली जाई. बस हा धंदा नाही, पाण्याच्या नळासारखं शहराचं काम आहे, हे तेव्हा कबूल होतं.

मालकाला कामगार वेळेवर पाहिजे. जागावाल्याला रस्त्यामुळं चढलेला भाव पाहिजे. मोटारवाल्याला मोकळा रस्ता पाहिजे. मग तिघांनीही मोजावं. सफाई कामगारानं, धुणीभांडी करणाऱ्या बाईनं घामात एकदा, सामानात दुसऱ्यांदा भरलंच आहे. वर तिकिटातही दुप्पट का?

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘बस तोट्यात चाललीय,’ तर एवढंच विचारा : किनारी रस्ता नफ्यात आहे काय?