मामलतदारी निवाड्यांतील 'कबजा'

शहापूर व मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं असून तेथील भातशेती खाचरांची आहे. बांध सरकला, पाणी अडलें किंवा वाट बुजली कीं तंटा उभा राहतो. अशा तंट्यांतील मामलतदारी निवाडे घरगुती रुमालांत सांपडले म्हणजे ते मालकीचा पुरावा म्हणून पुढें केले जातात. आमच्या मतें ही समजूत बरोबर नाहीं.

मुंबई इलाख्यांत मामलतदारांच्या कोर्टांविषयीं 1864 चा पांचवा, 1876 चा तिसरा व 1906 चा दुसरा, असे कायदे एकामागून एक झाले. पैकीं शेवटचा महाराष्ट्रांत अद्यापि चालू आहे. त्याचे शब्द मोजके आहेत. कायदेशीर मार्गावांचून ज्यास शेतजमिनीवरून काढलें, त्यास मामलतदारानें पुन्हां कबजा द्यावा. पाण्याचा स्वाभाविक ओघ अडविला असल्यास अडथळा दूर करावा. चौकशी कबजा कोणाकडे होता व कसा गेला एवढ्याचीच. जमीन मूळची कोणाची, याची नव्हे. दावा मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांत आणिला पाहिजे.

येथें शंका उद्भवते. कबजा एका दिवशीं जातो; अडथळा तर रोजचाच असतो. मग सहा महिने कोठून मोजावे? रोज नवें कारण घडतें असें म्हटल्यास मुदतीस अर्थच उरत नाहीं. म्हणून कायद्यानेंच खुलासा केला कीं, कबजा गेल्यास तो गेला त्या दिवशीं, व अडथळा असल्यास तो प्रथम सुरू झाला त्या दिवशीं कारण घडलें असें मानावें. दुसरा खुलासा सामाईक मिळकतीचा: एका हिस्सेदारानें आपला हक्क बजाविला, एवढ्यानें दुसऱ्याचा कबजा गेला असें होत नाहीं.

निवाड्यावर अपील नाहीं. कलेक्टरास कागद मागवून तपासतां येतात. ज्यास कबजा मिळाला त्याजकडे तो दिवाणी कोर्टानें काढून घेईपर्यंत राहावयाचा. म्हणजे निवाडा तात्पुरत्या बंदोबस्ताचा आहे.

संग्राहकांनीं यावरून तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, मालकी ठरवितांना खरेदीखत, वाटणीपत्र व दिवाणी हुकूमनामा पाहावा. केवळ या निवाड्यावर भिस्त ठेवूं नये. दुसरी, 1906 नंतरच्या निवाड्यांत कबजा मिळाला असल्यास तो गेल्याचा दिवस दाव्याच्या मागें सहा महिन्यांच्या आंतला असला पाहिजे. तारीख फाटून गेलेल्या अर्जाचा काळ ठरविण्यास हें उपयोगी पडतें. तिसरी सर्वांत महत्त्वाची. दावा हरलेला इसम खोटाच होता असें समजूं नये. तो कदाचित् सातव्या महिन्यांत आला असेल, किंवा प्रतिवादी त्याचा भाऊबंद असेल. ज्या कुळाचें नांव इतर कोणत्याहि कागदांत आलें नाहीं, त्याची एवढीच नोंद उरलेली असणें संभवनीय आहे. ती चुकीची वाचून त्या कुळास गांवच्या इतिहासांतूनहि बेदखल करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.