तिथीची वही

मुंबई-गोवा महामार्ग कसालला आला की तिठा लागतो. एक वाट ओरोस-कुडाळकडे सरळ जाते, दुसरी कट्टा-चौके करत मालवणच्या किनाऱ्याला उतरते. तुळशीचं लग्न लागल्यापासून मिरगाच्या पावसापर्यंत या भागात लग्नं, मुंजी, पूजा आणि जत्रा यांची रीघ असते. कनाती, लोखंडी पाइप, खुर्च्या, मोठी पातेली, साउंड, जनरेटर आणि दशावताराचा पेटारा अशा सामानाचे टेम्पो या रस्त्यांवरून रात्री-अपरात्री फिरतात. हा सगळा पसारा आजवर एका लांबट वहीच्या किंवा कुणी भेट दिलेल्या डायरीच्या आधाराने चालत आला. आता गल्ल्यावरच्या वहीच्या जागी संगणक किंवा मोबाइलमधलं बुकिंग येत आहे. या बदलाकडे पाहताना वही ही पूर्ण नोंद आहे आणि ती फक्त यंत्रात उतरवायची आहे, असं बहुतेक जण धरून चालतात. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. या धंद्यात वही कधीही पूर्ण नव्हती. ती एका माणसाच्या आठवणीला दिलेली टाचण होती. म्हणून नुसती वही यंत्रात गेली, तर अर्धाच व्यवसाय यंत्रात जातो.

यासाठी वहीच्या आधीच्या काळापासून सुरुवात करावी लागते. दक्षिण कोकणात लग्नाचा मांडव, मालवणीत माटव, भाड्याने आणायची वस्तू नव्हती. पोफळीचे खांब, बांबू आणि माडाच्या झावळांची विणलेली झापं एवढ्यावर तो उभा राहायचा आणि तो घालायला वाडीतली माणसं यायची. आज याच्या दारात, उद्या त्याच्या दारात, असा श्रमांचा फेरा होता. मोठी भांडी वाडीची किंवा देवळाची समाईक असत. ती कुणाची हे भांड्यावर कोरलेलं नाव सांगायचं आणि ती सध्या कुणाकडे आहेत हे वाडीतल्या दोघा-चौघांना ठाऊक असायचं. लिहिण्याची गरजच नव्हती, कारण देणारा आणि घेणारा एकाच पाणंदीवर राहत होते. कलावंत बाहेरून आणायचा असेल तेव्हा मात्र कराराची खूण लागायची. ती खूण म्हणजे विडा आणि सुपारी. चारचौघांदेखत विडा उचलला की काम अंगावर घेतलं. बँडवाल्यांच्या आणि तमाशाच्या धंद्यात ‘सुपारी’ हा शब्द आजही टिकला आहे तो यामुळेच. तो नुसता रूपकाचा शब्द नाही, लेखी कागदाआधीच्या एका नोंदपद्धतीचं ते नाव आहे. त्या पद्धतीत नोंद साक्षीदारांच्या डोक्यात राहायची, आणि शब्द मोडला तर गावात तोंड दाखवणं कठीण व्हायचं.

वही आली ती भाडं आलं म्हणून. वाडीतली तरुण माणसं मुंबईला गेली, माटव घालायला हात कमी पडू लागले आणि चाकरमान्यांच्या पैशातून कनाती-खुर्च्या भाड्याने आणणं परवडू लागलं. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, ओरोसला मुख्यालय वसलं आणि कसाल कचेऱ्यांच्या शेजारचं गाव झालं. सरकारी कार्यक्रम, सभा, प्रदर्शनं यांची भर पडली. 1997 मध्ये जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मुंबईतलं कुटुंब आता गावाकडे येऊन, गावाकडच्या माणसाला फोनवर सांगून, लग्न करू शकत होतं. गिऱ्हाईक पाणंदीवरचं राहिलं नाही तशी साक्षीदारांची सोयही राहिली नाही, आणि विडा-सुपारीच्या जागी विसार आला. विसार म्हणजे आगाऊ रक्कम, आणि रक्कम आली की ती लिहावीच लागते. त्याच सुमारास सरकारचंही या धंद्याकडे लक्ष गेलं. 1 जुलै 1997 पासून कार्यालयं-सभागृहं भाड्याने देणाऱ्यांवर सेवाकर लागू झाला, 2004 मध्ये मंडप-शामियाना ठेकेदारही त्या कक्षेत आले आणि 1 जुलै 2017 पासून त्याची जागा जीएसटीने घेतली. लहान व्यावसायिक उलाढालीच्या मर्यादेमुळे बहुधा बाहेरच राहिले. तरीही मर्यादेच्या आत आहोत हे सांगण्यासाठीसुद्धा हिशेब दाखवावा लागतो.

या वहीचा खरा सांगाती मात्र भिंतीवर होता. मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगांवकरांनी 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि इंग्रजी तारीख व पंचांगातली तिथी एका चौकोनात आणून बसवली. त्यामागच्या अडचणीचा विचार फारसा होत नाही. गावचा उत्सव तिथीवर चालतो, नोकरी, रजा आणि आगगाडी तारखेवर चालते. दोन कालगणनांमधलं भाषांतर त्याआधी भटजींकडे होतं, ते कालनिर्णयमुळे प्रत्येक स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलं. मंडपवाल्याने वहीत तारीख लिहिली तरी ती त्याने आधी त्या चौकोनात पाहिलेली असते. म्हणजे वहीतली नोंद एकट्याने वाचायची नसतेच, ती भिंतीसकट वाचायची असते.

पुराव्यादाखल काही तारखा पाहू. कुणकेश्वरची जत्रा महाशिवरात्रीची. ती 2024 मध्ये 8 मार्चला आली आणि 2025 मध्ये 26 फेब्रुवारीला. त्रिपुरी पौर्णिमा, जिच्या आसपास जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम उजाडतो, ती 2024 मध्ये 15 नोव्हेंबरला होती, पुढच्या वर्षी 5 नोव्हेंबरला. हे निदान पंचांग सांगू शकतं. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कुठल्याच पंचांगात ठरत नाही, ती देवीच्या कौलावर ठरते. 2023 मध्ये ती 4 फेब्रुवारीला झाली, 2024 मध्ये 2 मार्चला, 2025 मध्ये 22 फेब्रुवारीला. लाखो माणसं जिथे लोटतात त्या उत्सवाचा दिवस कौल होईपर्यंत कुणालाच माहीत नसतो, आणि जाहीर झाला की चाकरमान्यांच्या तिकिटांपासून दुकानांच्या मांडवांपर्यंत सगळी गणितं एका रात्रीत नव्याने मांडावी लागतात. आचऱ्याची गावपळणही रामेश्वराच्या कौलावर होते, आणि त्या काळात सगळा गाव वेशीबाहेर राहतो, मग गावात मांडव कुणासाठी घालायचा? अशा प्रदेशात अनुभवी माणूस काही नोंदी पेनाने करतो आणि काही पेन्सिलीने. पेन्सिलीची नोंद म्हणजे कच्चं काम नव्हे. देवाने अजून उत्तर दिलेलं नाही, ही माहिती ती पेन्सिल सांगत असते. बाजारातली बहुतेक बुकिंगची साधनं मात्र तारीख विचारल्याशिवाय पुढे सरकतच नाहीत. तिथे ‘भराडीदेवीची जत्रा, दिवस ठरायचा आहे’ ही नोंद करायला जागा नसते, म्हणून माणूस खोटी तारीख टाकून ठेवतो आणि नंतर विसरतो.

दशावताराच्या मंडळींचा प्रश्न आणखी खोल आहे. जत्रेचं नाटक अनेक गावांत ठरावीक मंडळीकडे परंपरेने असतं. ते मागावं लागत नाही आणि द्यावंही लागत नाही, त्यामुळे ते लिहिलंही जात नाही. वहीत दिसतात ती अधलीमधली, नवसाची किंवा हौसेची नाटकं. मानाची जत्रा वहीबाहेर आणि विकत घेतलेली रात्र वहीत, अशी ही स्थिती आहे. जो वही नुसती चाळून संगणकात भरेल, त्याला सगळ्यात पक्का दिवस रिकामा दिसेल. तमाशाशी तुलना केली तर हा फरक चांगला कळतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावला हंगामाच्या तोंडावर फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तिथे येऊन यात्रेच्या तारखा ठरवतात. तिथला व्यवहार उघड्या बाजारातला आहे, तो लिहिला जातो. आपल्याकडचा व्यवहार अर्धा मानाचा आहे, आणि मान लिहिण्याची पद्धत नाही.

एवढं सगळं वहीच्या बाजूने बोलल्यावर ती तशीच चालू द्यावी, असा निष्कर्ष कुणी काढेल. मला तो मान्य नाही, कारण वहीची दुबळी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती गिऱ्हाइकाला भोगावी लागते. वही एकच असते. दुकानावर एक आणि घरी एक अशा दोन झाल्या, की एकाच मुहूर्ताचं सामान दोघांना दिलं जातं. भारतीय रेल्वेने हाच त्रास फार मोठ्या प्रमाणात सोसला आहे. आरक्षण हाताने नोंदवहीत लिहिलं जात होतं तेव्हा एक गाडी दोन गावांतून एकदम विकणं अशक्य होतं, म्हणून प्रत्येक स्थानकाला जागांचा कोटा वाटून दिलेला असायचा. हे दोन वह्यांच्या प्रश्नाचं कागदी उत्तर होतं: जागा आधीच तोडून ठेवा, मग एकाकडे रिकाम्या राहिल्या आणि दुसऱ्याकडे माणसं ताटकळली तरी चालेल. 1985-86 मध्ये नवी दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं तेव्हा मूळ फायदा वेगाचा नव्हता. कोणत्याही खिडकीवरून पाहिलं तरी वही एकच, हा होता. 2002 पासून ती खिडकी घरात आली. चतुर्थीच्या गाड्यांचं आरक्षण उघडताच भरतं याचा राग कोकणातल्या माणसाला असतो आणि तो रास्त आहे, पण तो राग गाड्या कमी असल्याचा आहे. एकच जागा दोघांना विकली गेली, ही तक्रार त्यात नसते.

मंडपाच्या धंद्याला संगणकाचा याहूनही मोठा उपयोग आहे, आणि तो सहसा बोलला जात नाही. कार्यालयाचं बुकिंग दिवसाचं असतं. मंडपवाला दिवस विकत नाही, तो सामान विकतो. लग्नाचे मुहूर्त मोजके. चातुर्मासात नाहीत, अधिक महिन्यात नाहीत. 2026 मध्ये 17 मेपासून जवळजवळ महिनाभर अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीतला एक मोठा तुकडा गेलाच. उरलेल्या मुहूर्तांवर सगळ्यांची झुंबड उडते. अशा वेळी ‘बारा तारीख रिकामी आहे का’ हा प्रश्नच अपुरा असतो. त्या दिवशी किती खुर्च्या घरात आहेत, आदल्या कार्याचे पाइप सुटून आलेत का, भिजलेल्या कनाती वाळल्या का, किती माणसं हाताशी आहेत, हे प्रश्न खरे. वहीत लग्नाची एक ओळ एका तारखेखाली असते. प्रत्यक्षात ते काम आदल्या दिवशी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी संपतं. हे तीन दिवस आणि त्यातली वजाबाकी मालकाच्या डोक्यात असते. तो आजारी पडला तर मुलाला वही वाचता येते, वजाबाकी येत नाही. शिल्लक सामानाची ही वजाबाकी यंत्र बिनचूक करतं, पण त्याला कुणीतरी एकदा सांगायला हवं की मांडव तीन दिवस अडतो आणि पावसाळी हवेत चार.

आक्षेप घेणारे तीन गोष्टी पुढे करतात. पहिली, विजेची. 16 मे 2021 ला तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं तेव्हा कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती, फोनही लागत नव्हते. अशा वेळी वही उघडते, संगणक उघडत नाही. आक्षेप खरा आहे, म्हणून पुढच्या पंधरवड्याची कामं दर आठवड्याला कागदावर छापून ठेवणं हा पद्धतीचाच भाग असायला हवा. मात्र त्याच वादळात छप्परं उडाली, आणि भिजलेल्या वहीची दुसरी प्रत कुठेच नसते. वाळवीला तर वादळाचीही गरज लागत नाही. दुसरा आक्षेप विश्वासाचा: शब्दावर चालणारा व्यवहार पावत्यांवर नेला की माणसं दुरावतात. इतिहास याला दुजोरा देत नाही. विसार लिहायला लागल्यावरही माणसं शब्दावरच एकमेकांकडे गेली, लेखाने फक्त विसरभोळेपणातून होणारी भांडणं कमी केली. तिसरा आक्षेप आकाराचा, की एवढ्याशा धंद्याला हे कशाला. उलट लहान धंद्यातच सगळं ज्ञान एका डोक्यात असतं, त्यामुळे ते हरवण्याचा धोकाही तिथेच सगळ्यात मोठा.

तो धोका किती खरा आहे हे कोकणातल्या घराघरांतल्या जुन्या दप्तरांवरून समजतं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजकीर्द आणि खतावणी मोडीत लिहिली जात होती. पुढे शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत ते कागद मुके झाले. कागद टिकला, शाई टिकली, वाचणारा गेला. वहीकडून संगणकाकडे जाताना तेच होऊ शकतं. पेन्सिल, समासातल्या खुणा, नावापुढे लिहिलेलं ‘अमक्याच्या ओळखीने’, एखाद्या वाडीपुढची फुली, हे सगळं लिहिणाऱ्यालाच वाचता येतं. म्हणून भरणीचं काम टायपिंग येणाऱ्या मुलावर एकट्यावर सोपवू नये. वही लिहिणारा शेजारी बसलेला असताना, निदान मागच्या तीन वर्षांची पानं एकेक ओळ विचारत, हे काम व्हायला हवं. प्रत्येक नोंदीला तारखेआधी तिथीचा रकाना हवा आणि कौलावरच्या दिवसांसाठी तारखेविना नोंद ठेवण्याची मुभा हवी. मानाच्या जत्रा न मागताही दरवर्षी आपोआप उमटायला हव्यात.

जुन्या वह्यांतली एक वही तर जपून वेगळी ठेवावी, 2020 सालची. 25 मार्चला देशभर टाळेबंदी लागली ती ऐन लग्नसराईत. घेतलेल्या विसाराचं काय करायचं हे कुठल्याच कायद्याने त्या आठवड्यात सांगितलं नव्हतं. कुणाला परत द्यायचा, कुणाचा पुढच्या मुहूर्ताला वळता करायचा, कुणाच्या घरची अवस्था पाहून निम्माच ठेवायचा, हे प्रत्येक मालकाने गिऱ्हाइकासमोर किंवा फोनवर स्वतः ठरवलं. संगणकात त्या सगळ्या ओळींसाठी ‘रद्द’ हा एकच शब्द आहे. ती पानं भरताना पुढे मोकळी जागा सोडून प्रत्येक ओळीला काय ठरलं होतं ते मालकाकडून विचारून लिहून घ्यावं, तो सांगू शकतो तोवर.